उपासनागीताची घडण आणि तरुणांचा कंठ

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत उपासनेच्या वेळी तरुण गात नाहीत, ही तक्रार नवी नाही. पंचांच्या बैठकांत, युवक-मेळाव्यांत आणि धर्मविषयक नियतकालिकांत ती पुनःपुन्हा व्यक्त होते, आणि तिचे निदानही बहुधा ठरलेले असते. गीतांची भाषा जुनी झाली, तरुणांना ती उमगत नाही. यास्तव शब्द सोपे करावेत, वाद्ये बदलावीत, आणि पाळकांनी तरुणांना गाण्यास उत्तेजन द्यावे. या निदानाचा पहिला भाग भाषेविषयीचा आहे, म्हणून भाषेच्या अभ्यासकाने तो पारखून पाहणे योग्य होय. पारखू लागले असता तो टिकत नाही. ज्या गीतांपाशी तरुण ओठ मिटून उभे राहतात त्यांतील शब्द पुष्कळदा अगदी साधे असतात. उलट ज्या भजनांत त्यांचा कंठ मोकळा होतो त्यांत जुनी रूपे आणि अपरिचित शब्द कमी नसतात. शब्दांची दुर्बोधता हेच कारण असते, तर साडेतीन शतकांपूर्वीचा तुकारामांचा अभंग वारीत चालणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडी दिसला नसता. तो मुलगा अभंगातील प्रत्येक शब्दाचा अर्थ जाणतो असे कोणी म्हणणार नाही. त्याला गाता येते, कारण त्या रचनेत त्याच्यासाठी जागा ठेवलेली आहे.

ही जागा कशी ठेवली जाते, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. ऐकण्याचे गीत आणि मिळून गाण्याचे गीत हे दोन भिन्न प्रकार असून त्यांचे गुणही भिन्न असतात. पहिल्यात कवीची कल्पना, शब्दकळा आणि वृत्तावरील प्रभुत्व यांना महत्त्व येते. दुसऱ्यात हे सर्व असूनही गीत निष्फळ ठरू शकते. कारण तेथे कसोटी अशी की, मागच्या रांगेत उभा असलेला, पुस्तक हाती नसलेला, आवाज बेताचा असलेला नवखा माणूस कितव्या ओळीला सुरात सूर मिसळू शकतो. मराठी ख्रिस्ती गीतांचे समीक्षण आजवर जे झाले ते बहुतेक पहिल्या कसोटीने झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे कवी म्हणून थोर, म्हणून त्यांची भजने थोर, असा त्यातील युक्तिवादाचा ओघ असतो. निष्कर्ष चुकीचा नसला, तरी कारण अपुरे आहे.

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्या जे ‘उपासना संगीत’ हाती धरतात त्यात दोन निरनिराळ्या घडणींची गीते एकाच बांधणीत आली आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली आणि अहमदनगर येथे १८३१ साली सुरू झाले. त्या काळापासून मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी स्तोत्रांचे अनुवाद केले; हेन्री बॅलंटाइन यांचे नाव त्यांत अग्रभागी आहे. हे अनुवाद मूळच्या पाश्चात्त्य चालींवर गाण्यासाठी केलेले होते. दुसरी घडण पदे, अभंग आणि भजने यांची. तिच्यात कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांच्यासारखे कवी-कीर्तनकार आणि पुढे टिळक येतात. दोन्ही प्रकार आज शेजारीशेजारी छापलेले असल्याने वाचणाऱ्याला ते एकाच जातीचे वाटतात. गाणाऱ्याला मात्र फरक पहिल्या चरणालाच जाणवतो.

तो फरक उच्चारशास्त्राच्या भाषेत असा सांगता येईल. इंग्रजी स्तोत्रांचा सर्वांत रूढ साचा, ज्याला ‘कॉमन मीटर’ म्हणतात, तो आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचा असून त्यात दुर्बल आणि सबल अक्षरे आलटून पालटून येतात. चरणाचा आरंभ दुर्बल अक्षराने होतो आणि शेवट सबल अक्षराने. इंग्रजीला हे मानवते, कारण तेथे नामाआधी ‘द’, ‘अ’, ‘टू’ यांसारखे हलके शब्द सहज येतात आणि चरणाच्या शेवटी अर्थाने जड असे नाम किंवा क्रियापद बसते. मराठीची रचना याच्या उलट आहे. येथे अर्थाचा भार शब्दाच्या आरंभी, मूळ प्रकृतीवर असतो. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मागून येतात. आता ‘येशूला’ हा शब्द अशा चरणाच्या आरंभी बसवून पाहावा. ‘ये’ दुर्बल ठोक्यावर पडते, ‘शू’ वर आघात येतो, आणि नाव अर्ध्यातच उलटल्यासारखे होते. चरणाच्या शेवटी ‘देवाचा’ हा शब्द घातला, तर सर्वांत लांब आणि सबल स्वर ‘चा’ या प्रत्ययाच्या वाट्याला येतो. संपूर्ण मंडळी षष्ठीच्या प्रत्ययावर दीर्घकाळ थांबते, आणि ज्याच्यासाठी ती जमली तो ‘देव’ मात्र घाईने मागे राहतो. (मिशनऱ्यांचे मराठी कच्चे होते, असा शेरा येथे मारला जातो, तो बरोबर नाही. त्यांच्यापैकी कित्येकांचे मराठी चांगले पक्के होते. साचाच असा आहे की, जन्माने मराठी असलेल्या कवीलाही त्यात हीच अडचण पडते.)

याला आणखी एक गोष्ट जोडली जाते. मराठीत आघात क्षीण असून तो अर्थभेद करीत नाही. परंतु ‘अ’ आणि ‘आ’ यांतील भेद अर्थ बदलतो. संथ पाश्चात्त्य चालीत एखादे ऱ्हस्व अक्षर दीर्घ स्वरावर ताणले गेले की ‘अ’ हा ‘आ’ कडे झुकू लागतो. मग ‘मन’ आणि ‘मान’, ‘बल’ आणि ‘बाल’ यांतील अंतर पुसट होते. भजन गाणाराही ‘अ’ ताणतो, नाही असे नाही. पण तो आधी संपूर्ण शब्द उच्चारून घेतो आणि मग स्वराशी खेळतो. स्तोत्राच्या ठरीव चालीत ही मोकळीक नसते. वृद्ध मंडळींनी हे सर्व लहानपणी घोकून पाठ केले असल्याने त्यांच्या कानाला त्यात काही खटकत नाही. तरुणाला खटकते, पण काय खटकते हे त्याला सांगता येत नाही, आणि मग तो ‘भाषा जुनी आहे’ असे म्हणून मोकळा होतो. त्याचे हे म्हणणे साक्ष म्हणून मोलाचे आहे. निदान म्हणून मात्र ते स्वीकारता येत नाही.

अभंगाची गोष्ट वेगळी आहे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. येथे मोजली जातात ती अक्षरे. त्यांचे लघुत्व-गुरुत्व पाहिले जात नाही. माधवराव पटवर्धन यांनी ‘छंदोरचने’त छंद, जाती आणि वृत्त असे जे तीन वर्ग केले, त्यांतील छंदाचे वैशिष्ट्य हेच की तो लघु-गुरूंचा भेद मानीत नाही. परिणामी बोलण्यातील कोणताही शब्द अभंगात आपल्या नैसर्गिक क्रमाने येऊन बसू शकतो. आखूड चौथा चरण श्वास घेण्याची जागा देतो. आणि यमक दुसऱ्या चरणातच पुढच्या चरणाचा शेवट सुचवून ठेवते, त्यामुळे पाठ नसलेला माणूसही तेथे आवाज मिसळू शकतो. यांवर ध्रुवपद येते. पुढचा एक चरण म्हणतो, बाकीचे ध्रुवपद उचलतात. दुसऱ्या आवर्तनापर्यंत नवख्याला ते पाठ झालेले असते, आणि कडव्यांतील अवघड शब्द तो ऐकत ऐकत शिकत जातो. न कळणारा शब्द येथे अडसर होत नाही. तो कळण्याच्या वाटेवर असतो.

टिळकांचे श्रेय हे की, त्यांनी ही घडण उपासनेच्या केंद्रस्थानी आणली. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ते नामांकित कवी होतेच. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे विधान प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ सामान्यतः तत्त्वज्ञानाच्या अंगाने लावला जातो. त्याला छंदाचेही एक अंग आहे. ख्रिस्ताला ‘माउली’ म्हणणे ही केवळ शब्दाची उसनवारी नव्हती. त्या शब्दाबरोबर संबोधनाची संपूर्ण रीत आली: थेट, एकेरी, लडिवाळ, प्रसंगी भांडखोर. अनुवादित स्तोत्रात गाणारा बहुधा देवाविषयी बोलतो किंवा देवापुढे उभा राहून निवेदन करतो; टिळकांच्या भजनात तो देवाशी बोलतो, आणि बोलण्याच्या लयीत बोलतो. पौगंडावस्थेतील मुलाला निवेदनापेक्षा हे बोलणे अधिक जवळचे वाटावे यात नवल नाही. ‘फुलामुलांचे कवी’ ही त्यांची ओळख येथे उगीच आठवत नाही. १९१७ साली मिशनच्या नोकरीतून मोकळे होऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान होते. अशा मंडळात पुस्तक उघडून पान क्रमांक शोधण्याचे गाणे चालले नसते.

तथापि टिळकांची सर्वच रचना या कसोटीला उतरते असे म्हणणे भक्तीचे होईल, समीक्षेचे नाही. त्यांनी अक्षरगणवृत्तांत जे लिहिले ते वाचनासाठी उत्तम, पण मंडळीने मिळून गाण्यास जड. काही पदांतील समास पंडिताच्या घरचे आहेत. अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांतल्या मंडळ्या मुख्यत्वे महार आणि मांग समाजांतून आल्या होत्या. त्यांच्या घरी ओवी, भारूड, भजन, पोवाडा ही गायनाची साधने आधीपासूनच नांदत होती. त्या मंडळ्यांपर्यंत गाणे पोहोचवण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाने केले, आणि त्यात सांगळे यांचा वाटा मोठा होता. टिळकांच्या प्रभेत सांगळे झाकोळले गेले आहेत. त्यांचे एक समर्पणगीत इंग्रजी अनुवादासह अमेरिकेतील गीतसंग्रहांत गेले आणि तेथे त्याच्या चालीचे नावही ‘तन मन धन’ असेच राहिले. म्हणजे जी चाल परक्यांनाही मिळून गाता आली, तिचा कर्ता स्वगृही मात्र पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या टीपेतही क्वचित आढळतो.

गाता येईल असे काही तरी द्या, ही मागणी मराठी ख्रिस्ती वाङ्मयात टिळकांच्याही तीन शतके आधी नोंदली गेली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोमंतकात रायतूर येथे छापले गेले. त्याच्या आरंभीच्या प्रसंगात एक नवख्रिस्ती ब्राह्मण धर्मगुरूला विचारतो की, शिकवण तर मिळते, पण पूर्वीच्या पुराणांसारखे म्हणावयास काही का असू नये. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा तो ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर आहे. स्टीफन्स यांनी आपल्या मायभूमीचा साचा आणला नाही, ओवी घेतली. पुढे कित्येक पिढ्या तो ग्रंथ कोकणपट्टीत म्हटला गेला, तो या निवडीमुळे.

आता सांप्रतच्या स्थितीकडे वळावे. मागील काही दशकांत तरुणांच्या मेळाव्यांतून निराळ्याच गीतांनी जागा घेतली आहे. इंग्रजी व हिंदी ‘वर्शिप’ गीते, आणि त्यांच्या धर्तीवर रचलेली मराठी गीते, गिटार, कीबोर्ड आणि ड्रम यांच्या साथीने गायली जातात. शब्द पडद्यावर उमटतात. वडीलधाऱ्यांची यावरची प्रतिक्रिया नाराजीची असते आणि तिचा रोख वाद्यांवर असतो. वाद्यांचा प्रश्न गौण आहे. बाजाची पेटीही एके काळी युरोपातूनच आली. त्यापेक्षा या गीतांची घडण पाहावी. चरण आखूड असतात. एक ओळ पुनःपुन्हा येते. चाल मोजक्या स्वरांत फिरते. पुढचा सुरुवात करतो आणि समुदाय उचलतो. संबोधन थेट आणि एकेरी असते. ही सर्व लक्षणे भजनाची आहेत. तरुणांनी भजन सोडून परकीय गाणे धरले, असा जो समज आहे तो म्हणूनच दुरुस्त करावयास हवा: त्यांनी सोडला आहे तो मुख्यतः स्तोत्राचा साचा, आणि ज्याकडे ते ओढले गेले ती घडण त्यांच्या पणजोबांच्या ओळखीची होती. दुर्दैव इतकेच की, ती त्यांना इंग्रजी-हिंदीच्या मार्गाने येऊन भेटली. ‘उपासना संगीता’च्या पानांतून कोणी तिची भेट घालून दिली नाही.

साम्य आहे, तसा भेदही आहे. आणि तो हलका नाही. भजनात ध्रुवपद स्थिर राहते आणि कडवी पुढे चालतात. प्रत्येक कडवे एक नवा विचार, दृष्टान्त किंवा शंका आणते, आणि ध्रुवपदाचा अर्थ दर वेळी थोडा बदलून परत येतो. नव्या गीतांपैकी पुष्कळांत कडवे नावापुरते उरले आहे; ध्रुवपदच ध्रुवपदाला उत्तर देते. तेथे सहभाग मिळतो, पण ज्यात सहभागी व्हायचे तो विचार पातळ झालेला असतो. भाषेचीही स्थिती अशीच आहे. ‘तू आहेस’ असे म्हणून विधेय मागून ठेवण्याची रचना या गीतांत वारंवार दिसते. इंग्रजी किंवा हिंदी ओळीच्या स्वरांवर मराठी शब्द ओळीने ठेवल्याची ती खूण होय. मराठीत असा क्रम अशक्य नाही, पण तो विशेष भर देण्यासाठी येतो. प्रत्येक ओळीत आला की भरही उरत नाही आणि मराठीपणही. एकोणिसाव्या शतकातील अनुवादकाने केलेली चूक येथे नव्या वेशात परतली आहे: चाल आधी, भाषा मागून. फरक असा की, त्या वेळी गाणाऱ्याला ती बोचत होती; आता ठेका इतका सफाईदार असतो की बोचत नाही.

पडद्यावर उमटणारे शब्द अनेक ठिकाणी रोमन लिपीत असतात, कारण इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या मुलांना देवनागरी सहज वाचता येत नाही. याचा दोष लिपीवर टाकू नये. ‘क्रिस्तपुराण’ही रोमन लिपीतच छापले होते. पण स्टीफन्स यांनी मूर्धन्य वर्णांसाठी व्यंजनाचे द्वित्व वापरण्याची व्यवस्था लावली होती. आजच्या पडद्यावर ‘त’ आणि ‘ट’, ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच चिन्हाने दाखवले जातात, आणि ‘अ’-‘आ’ चा भेदही बहुधा राहत नाही. घरात मराठी पुरेसे कानावर पडते त्या मुलाचे यात काही बिघडत नाही. ज्याचे मराठी उपासनेपुरतेच उरले आहे, त्याला मात्र हा पडदाच मराठीची शाळा ठरतो. त्या मुलाच्या बाबतीत गाण्यातील सहभागाचा प्रश्न भाषा टिकण्याच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

वसईच्या कॅथलिक समाजात हा प्रश्न आणखी एका पदराने गुंतलेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यात लोकभाषांना वाट मिळाली आणि समुदायाचा जाणता व सक्रिय सहभाग हे सुधारणेचे सूत्र ठरवले गेले. लॅटिन मिस्साची जागा मराठी मिस्साने घेतली. परंतु तेथील अनेक कुटुंबांची घरची बोली सामवेदी, म्हणजे कादोडी, किंवा वाडवळी; शाळेची भाषा अनेकदा इंग्रजी; आणि उपासनागीताची प्रमाण मराठी. अशी तीन भाषांची कसरत करणारी मुले लग्नाच्या मांडवात बोलीतील गाणी ऐकत-म्हणत वाढतात, कारण त्या गाण्यांतही एक म्हणते आणि बाकीच्या उचलतात. तेथेही चर्चमध्ये गायकवृंद उभा राहिला की दृश्य पालटू शकते. निवडक आवाजांची तालीम होते, गाणे सुरेल होते, आणि न निवडलेली मुले श्रोते बनतात. गायकवृंद वाईट असे नाही. तो समुदायापुढे उभा राहतो की समुदायात, एवढाच मुद्दा आहे. भजनी मंडळात आवाज नसलेल्याच्या हाती टाळ दिला जातो आणि तोही गाणाऱ्यांत गणला जातो.

शेवटी एका अगदी साध्या अडचणीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. समीक्षेत तिचा विचार झालेला नाही. जुन्या गीतपुस्तकांत गीताच्या माथ्यावर चाल दिलेली असते, म्हणजे त्या काळी सर्वतोमुखी असलेल्या दुसऱ्या एखाद्या पदाचे नाव. ते पद आज कोणाला ठाऊक नसते. ज्या खुणेने गाणे सोपे व्हावे तीच खूण कुलूप होऊन बसली आहे. भर म्हणून पदान्तीच्या ‘अ’ची गोष्ट: बोलताना ‘देव’ हा शब्द एका अक्षरासारखा उच्चारला जातो, ‘करता’ मधील ‘र’ अर्धा होतो, अभंगात मात्र ‘दे-व’ अशी दोन आणि ‘क-र-ता’ अशी तीन अक्षरे मोजावी लागतात. छापील ओळ पाहून गाऊ लागणाऱ्या मुलाची अक्षरे चालीला कमी पडतात आणि तो थांबतो. ज्याने आजीकडून ऐकले त्याला हे शिकवावे लागत नाही. म्हणून या गीतांच्या पुढील आवृत्तीत ध्रुवपद प्रत्येक कडव्याखाली पूर्ण छापणे, एकट्याने म्हणावयाचे चरण निराळ्या ठशात देणे आणि स्वरलेखन जोडणे हे संपादकांच्या हाती आहे. पण स्वरलेखन करावयाचे तर चाल कोणाच्या तरी कंठात शिल्लक असली पाहिजे. अहमदनगर, जालना, सोलापूर या भागांतील खेड्यांत पेटीवर जुनी पदे म्हणणारी जी वृद्ध माणसे आज आहेत त्यांच्यापाशी बसून, प्रत्येक पदाची चाल, कोणता ‘अ’ उच्चारला जातो, ध्रुवपद कोण आणि केव्हा उचलते, याची नोंद घेणे हे मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका वर्षात पार पाडता येण्याजोगे काम आहे. त्यासाठी ध्वनिमुद्रणाचे साधन आता प्रत्येकाच्या खिशात आहे. त्या पेटीवाल्यांचा नातू किंवा नात त्या वेळी शेजारी बसलेली असली, म्हणजे नोंद अधिक चांगली होईल.